मिनी गुलाबाच्या कुंडीतून चिलटं उडतायत? आधी कुंडीला वाफसा येऊ द्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की फेब्रुवारीत भेट मिळालेले चार मिनी गुलाब आहेत, ठाण्यात सातव्या मजल्यावर, पाऊस सुरू झाल्यावर बाल्कनीतून आत हॉलच्या खिडकीपाशी आणलेत, आणि आता कुंडीला हात लावला की बारीक काळी चिलटं उठतात. पानं पिवळी पडून गळतायत. हळद टाकून झाली, दालचिनी टाकून झाली, डासांचा स्प्रे मारून झाला, दोन दिवस कमी होतात आणि परत येतात. झाडं फेकून द्यायची का, असं विचारलंय तुम्ही.

अजिबात फेकू नका. मी पुण्यात गेली २२ वर्षं छोट्या गुलाबांची रोपं करतो, दर पावसाळ्यात हा प्रश्न कुणाचा ना कुणाचा येतोच आणि बहुतेक सगळी झाडं वाचतात. फक्त आत्ता तुमचं चाललंय ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं आहे. उडणारी चिलटं हा त्रासाचा दिसणारा भाग आहे, खरा त्रास मातीत आहे, आणि मातीतही सगळ्या नाही, वरच्या दीड-दोन इंचात.

आधी ओळख पक्की करू, कारण घरात चार प्रकारची बारीक माशी असते आणि उपाय प्रत्येकीचा वेगळा. केळ्यांवर घोंघावतात ती तपकिरी, लाल डोळ्यांची, जरा गुबगुबीत असतात, ती नाही ही. बाथरूमच्या जाळीपाशी भिंतीला चिकटून बसणारी केसाळ पंखांची, तीही नाही. पानाखाली बसून झाड हलवलं की पांढरा धुरळा उडावा तशी उडते ती पांढरी माशी. तुमची जी आहे ती काळपट, २ ते ४ मिलिमीटरची, लांब पायांची, एखादा चिमुकला डास वाटावा अशी, पण चावत नाही. उडायला फार हुशार नसते, बऱ्याचदा मातीवर तुरुतुरु पळताना किंवा कुंडीच्या काठावर दिसते. हिला फंगस नॅट म्हणतात, बुरशीवर जगणारी म्हणून, आणि कुंड्यांमध्ये सापडतात त्यातली बरीचशी ब्रॅडिसिया नावाच्या गटातली असतात.

मोठी चिलटं झाडाचं काहीही खात नाहीत. त्यांचं आयुष्य आठवडाभराचं, पण तेवढ्यात एकेक मादी शंभर-दीडशे अंडी ओल्या मातीच्या भेगांत घालून जाते. साधारण २४ अंश तापमानात ३ दिवसांत अंडी फुटतात, १० दिवस अळी मातीत खाते, ४ दिवस कोषात आणि मग नवीन चिलट बाहेर. सतरा दिवस झाले. आता बघा तुमच्या स्प्रेचं काय होतं ते, तुम्ही आज उडणारी सगळी मारली तरी मातीत अंडी, अळ्या आणि कोष तिन्ही आहेत, परवा कोषातली बाहेर येणार, त्यानंतर अळ्यांची पाळी. म्हणून दोन दिवस शांत वाटतं आणि परत पहिल्यासारखं. तुमचं काही चुकलं नाही, औषध चुकीच्या जागी पडलं.

ही अळी मुख्यतः मातीतली बुरशी, शेवाळ, कुजणारा पाला खाते. पण संख्या वाढली आणि माती सतत ओली राहिली की पांढऱ्या मुळीवर येते, म्हणजे ती केसासारखी कोवळी मुळं ज्यांच्यातून झाड खरं पाणी पितं. मोठ्या गुलाबाला हे जाणवत पण नाही. मिनी गुलाबाची मुळं मात्र चार-पाच इंचाच्या कुंडीत, त्यातली अर्धी वरच्याच थरात, त्यामुळे त्याला लागतं. आणि अळीने कुरतडलेल्या जागेतून मुळकुजीची बुरशी आत शिरते, ते जास्त वाईट.

आता घरातली सोपी परीक्षा सांगतो, आज रात्रीच करा. कच्च्या बटाट्याची पाव इंच जाडीची चकती कापा, मातीवर जरा दाबून ठेवा, चारही कुंड्यांत एकेक. तीन दिवसांनी उचलून खालची बाजू उजेडात बघा, शक्य असेल तर भिंगातून किंवा मोबाईलचा कॅमेरा झूम करून. अळ्या असतील तर पाच-सहा मिलिमीटरच्या, काचेसारख्या पांढुरक्या, अंग इतकं पारदर्शक की आतलं काळसर आतडं रेघेसारखं दिसतं, आणि डोकं मात्र चकचकीत काळं, टाचणीच्या टोकाएवढं. त्या काळ्या डोक्यावरून ओळख पटते. डोकं काळं नसेल आणि अंग सगळंच पांढरं, उडी मारत असेल तर तो स्प्रिंगटेल, तो निरुपद्रवी, त्याला सोडून द्या. चकती अळ्यांसकट पिशवीत बांधून टाकून द्यायची, तेवढ्या कमी झाल्या. एका चकतीखाली दोन-तीन असतील तर घाबरायचं कारण नाही, वीस-पंचवीस असतील तर पुढचं सगळं नेमाने करायचं.

मूळ मुद्द्यावर येतो. शेतकरी म्हणतात ना वाफसा आला की पेरणी करायची, वाफसा म्हणजे माती ओलसर आहे पण चिखल नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने ढकलला की फुटतो, मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे. कुंडीला पण वाफसा लागतो, आणि तुमच्या कुंड्यांना जून महिन्यापासून तो आलेलाच नाहीये. चिलटं हे त्याचं लक्षण आहे. वरचा एक इंच सुकला की अंडी आणि लहान अळ्या टिकत नाहीत, मादीलाही कोरड्या मातीत अंडी घालावीशी वाटत नाहीत. बाकी सगळे उपाय याच्या मदतीला आहेत, याच्या ऐवजी नाहीत.

पण इथेच मिनी गुलाबाची अडचण आहे आणि म्हणून नुसतं 'पाणी कमी करा' हा सल्ला मी देत नाही. कोरफड, स्नेक प्लांट यांना पंधरा दिवस कोरडं ठेवलं तरी चालतं. छोट्या कुंडीतला गुलाब एकदा पूर्ण सुकला की दोन दिवसांत खालपासून पानं टाकतो, कळ्या माना टाकतात आणि मग सावरायला महिना जातो. म्हणजे वरचा थर सुका हवा आणि खालची मुळं ओलसर हवीत, दोन्ही एकाच वेळी. ते जमतं, खालून पाणी देऊन. टबमध्ये दोन इंच पाणी घ्या, कुंडी त्यात १५ ते २० मिनिटं ठेवा, माती खालून पाणी ओढते, मग उचलून अर्धा तास निथळू द्या आणि नंतर जागेवर. कुंडीखालच्या ताटलीत पाणी अजिबात साचू द्यायचं नाही, ताटलीऐवजी विटेचे दोन तुकडे ठेवले तर अजून बरं, खालून हवा खेळते. महिन्यातून एकदा मात्र वरून भरपूर पाणी घालून खालून वाहू द्या, नाहीतर खताचे क्षार वर साचतात आणि कडेला पांढरी पुटं धरतात.

पाणी कधी द्यायचं ते कॅलेंडरवर नको, हातावर ठरवा. पाणी दिल्यानंतर कुंडी उचलून तिचं वजन हाताला लक्षात ठेवा, आणि रोज सकाळी उचलून बघा. अर्धी हलकी झाली आणि बोट पहिल्या पेरापर्यंत घातल्यावर माती कोरडी लागली की द्या. पावसाळ्यात ठाण्यासारख्या दमट हवेत हे चार-पाच दिवसांनी येईल, ऑक्टोबरच्या उन्हात रोज येईल. रोज सकाळी कपभर घालायची सवय असते ना, ती पहिली सोडा.

दुसरं, झाडं हॉलमधून बाहेर काढा. कळतं मला, पावसात भिजतील म्हणून आत आणली, मायेपोटीच आणली. पण मिनी गुलाब हे नाव आकारामुळे आहे, स्वभाव मोठ्या गुलाबाचाच आहे, त्याला पाच-सहा तास ऊन किंवा निदान मोकळा उजेड आणि वारा लागतो. हॉलमध्ये झाड पाणी पितच नाही फारसं, माती आठ-आठ दिवस ओली राहते आणि चिलटांना हवं तसं घर मिळतं. बाल्कनीत छपराखाली, पण कठड्याच्या जवळ, जिथे वारा लागतो तिथे ठेवा. दोन कुंड्यांमध्ये वीतभर अंतर. हा एक बदल केला आणि बाकी काहीच केलं नाही तरी निम्मी चिलटं कमी झालेली मी पाहिली आहेत.

आता तिसरी गोष्ट, जी बहुतेक लोकांना माहितीच नसते. नर्सरीतून येणारे बरेच गुलाब लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात, प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून. तो गोळा आपण आहे तसा कुंडीत ठेवतो आणि भोवती कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि गांडूळखत यांचं मऊ मिश्रण भरतो. मग होतं काय की कोकोपीट कायम ओलं, आणि मधला गोळा एकदा सुकला की विटेसारखा, पाणी त्यात शिरतच नाही. झाड मधे तहानलेलं, मालक वरून पाणी ओततोय, आणि बाजूच्या ओल्या कोकोपीटमध्ये चिलटांची पैदास. तुमच्या झाडांचा फोटो पाहिला तर खोडाभोवती लालसर उंचवटा दिसतोय, मला हीच शंका आहे. एक कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढून बघा. गोळा असेल तर बादलीत पाण्यात तासभर ठेवा, बोटांनी बाहेरची माती सैल करून निम्मी-अर्धी निघेल तेवढी काढा, मुळं ओढू नका, सगळा गोळा एकदम धुऊन काढायचा हट्टही नको. पावसाळी ढगाळ हवेत हे काम झाडाला झेपतं, एप्रिलमध्ये करू नका.

झाड बाहेर काढलंच आहे तर मुळं बघून घ्या. टोकं पांढरी, कडक असतील तर काळजी नाही. तपकिरी झालेलं एखादं मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा, वरचं साल मोज्यासारखं सरकून हातात आलं आणि आत नुसता दोरा राहिला तर ती मुळकूज आहे. तेवढी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. पुन्हा भरताना मी चार वाट्या बागेची माती, तीन वाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि तीन वाट्या जाड वाळू किंवा परलाईट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) घेतो. कोकणात माणसं असतील ओळखीची तर भाताची तूसं मागवा, परलाईटपेक्षा स्वस्त आणि काम छान करतात. कोकोपीट घालायचंच तर मूठभर. आणि शक्य असेल तर प्लास्टिकची सोडून साधी मातीची कुंडी घ्या, तिच्या भिंतीतून पाणी उडून जातं.

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी आणि तांदूळ धुतलेलं पाणी घालता. पावसाळाभर हे बंद. या वस्तू वाईट नाहीत, पण कुंडीत त्या आधी कुजतात, कुजताना त्यावर बुरशी येते आणि बुरशी हेच या अळीचं जेवण. निंबोळी पेंडीचंही तसंच, कीड जाते म्हणून लोक मूठभर पेंड वरून पसरतात, दोन दिवसांत तिच्यावर पांढरी लव येते आणि चिलटं दुप्पट. पेंड घालायची तर मातीत दोन इंच खाली मिसळून, कुंडीला एक चमचा, आणि तीही उघडीप असताना. जीवामृत शेताला उत्तम, हॉलमधल्या पाच इंची कुंडीला नको. पडलेली पानं, पाकळ्या रोज उचला. आणि एक जागा हमखास राहते, ती म्हणजे गांडूळखताची अर्धी उघडी पिशवी आणि भिजवून उरलेल्या कोकोपीटचं घमेलं. कुंड्या स्वच्छ करून लोक दमतात आणि चिलटं त्या कोपऱ्यातल्या पिशवीतून येत राहतात. पिशवीचं तोंड रबराने घट्ट बांधा, कोकोपीट वाळवून ठेवा.

औषध. अळ्यांसाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस जातीच्या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात डासांच्या अळ्यांमध्ये सापडला, आणि जगभर डासांच्या अळ्या मारायला वापरतात. त्याचे प्रथिनांचे स्फटिक अळीच्या पोटात गेले की आतडं फाटतं, दोन-तीन दिवसांत अळी मरते. माणसाला, मांजराला, मधमाशीला, गांडुळाला त्रास नाही. पण दुकानात मागताना नीट मागा. नुसतं 'बीटी द्या' म्हणालात तर कुर्स्टाकी प्रकार हातात देतील, तो बोंडअळी, घाटेअळी अशा पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांसाठी आहे, चिलटांच्या अळीला त्याने काही होत नाही. कितीतरी जण तो वापरून 'बीटी काम करत नाही' म्हणतात. पाकिटावर इस्रायलेन्सिस हा शब्द वाचूनच घ्या, डासांच्या औषधांमध्ये मिळेल.

डासांचं म्हणून विकतात त्यामुळे लेबलवर डोस साचलेल्या पाण्याचा असतो. मी पावडर लिटरला २ ग्रॅम घेतो, पाण्यात कालवून जुन्या सुती कापडातून गाळतो, आणि जेव्हा कुंडीला पाणी द्यायची वेळ झालेलीच असते तेव्हा त्या पाण्याऐवजी हे देतो, वरून, संध्याकाळी, कारण उन्हात ते लवकर निकामी होतं. म्हणजे औषधाच्या नावाखाली जास्तीचं पाणी जात नाही. अंड्यांवर आणि कोषांवर याचा परिणाम नाही, म्हणून एकदा देऊन थांबू नका, सहा-सात दिवसांच्या अंतराने चार वेळा. चौथी वेळ लोक चुकवतात, कारण तोपर्यंत चिलटं दिसेनाशी झालेली असतात, आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

बीटीआय नाहीच मिळालं तर १०,००० पीपीएमचं निंबोळी अर्क, लिटरला २ ते ३ मिली, थेंबभर साबण घालून मातीत द्या. ते अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं, हळू चालतं पण चालतं. हायड्रोजन पेरॉक्साईडचे व्हिडिओ बरेच फिरतात. एक भाग तीन टक्क्यांचं पेरॉक्साईड आणि चार भाग पाणी, फेस येतो, भिडलेल्या अळ्या मरतात हे खरंय, पण मातीतले चांगले जिवाणूही मरतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचा काही उपयोग उरत नाही. फारच झाल्या असतील तर एकदा, सवय नको. वाळूचा थर वरून द्यावा का, तर मातीचा निचरा चांगला असेल तर अर्धा इंच जाड वाळू चालेल, चिकण गोळ्यावर मात्र नको, बोटाला वर कोरडं लागतं आणि खाली चिखल तसाच. हळद, दालचिनीने झाडाचं नुकसान झालेलं नाही, पण त्यावर वेळ घालवू नका. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मातीत टाका असा सल्ला तुम्हाला कुणी दिलाय, तो मी देणार नाही. ते झाडात भिनून परागात आणि मधात उतरतं, बाल्कनीत येणाऱ्या मधमाश्यांच्या पोटात जातं, आणि त्याने लाल कोळी ही रस शोषणारी कीड वाढल्याचंही बऱ्याच झाडांवर दिसलंय. चार कुंड्यांच्या चिलटांसाठी एवढं विष कशाला.

पिवळे चिकट सापळे जरूर लावा, प्रत्येक कुंडीत एक, मातीच्या अगदी लगत, कारण ही चिलटं उंच उडत नाहीत. त्याने प्रश्न सुटत नाही, पण मोजता येतं. दर रविवारी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहा. तीन आठवड्यांत आकडा उतरत गेला तर तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. नाहीच उतरला तर समजा कुठेतरी ओली जागा राहिली आहे, आणि आधी ती गांडूळखताची पिशवी बघा.

तुमच्या पिवळ्या पानांबद्दल. सगळा दोष चिलटांचा नाही. फोटोतल्या दोन झाडांच्या पानांवर काळे ठिपके आहेत, कडा झालरीसारख्या, भोवती पिवळं. तो ब्लॅक स्पॉट, पावसाळ्यातला नेहमीचा, पानं ओली राहिल्याने येतो. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत नको. तिसऱ्या झाडाला ठिपके नाहीत पण माती ओली असून दुपारी शेंडे मलूल दिसतात, त्याच्या मुळांना मार बसलाय, आधी तेच झाड बाहेर काढून बघा. त्याला महिनाभर खत अजिबात घालू नका, मुळं नसताना खत म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मी हे इतकं तपशिलात का सांगतोय तर एका श्रावणात माझा एक अख्खा ट्रे गेला होता. नुकतं कॅलस (मुळं फुटण्याआधी कापलेल्या टोकाला येणारी गाठ) धरलेली मिनी गुलाबाची छाटकलमं, ओल्या कोकोपीटमध्ये, वर प्लास्टिकचं झाकण. पानं हिरवीगार होती म्हणून मी निर्धास्त, रोज झाकण उघडलं की पाच-सहा चिलटं उडायची तिकडे लक्षच दिलं नाही. पंधराव्या दिवशी एक काडी उपटली तर तळाशी कॅलसची गाठच नाही, साल पोखरलेलं आणि आत दोन अळ्या. साठातली नऊ वाचली. मोठं झाड दुखणं सोसतं, छाटकलम आणि बी-रोप सोसत नाही, म्हणून घरात एखादीही कुंडी चिलटांची असेल तोवर नवीन छाट लावू नका.

आता पुढच्या महिन्यात काय दिसेल ते सांगतो. पहिल्या आठवड्यात उलट चिलटं जास्त वाटतील, कोषातली बाहेर येतायत, धीर सोडू नका. दुसऱ्यात सापळ्यावरचा आकडा कमी होईल. तिसऱ्याच्या शेवटी परत एकदा बटाटा लावा, खाली काही नसेल तर चौथा डोस देऊन थांबा. त्याच सुमारास खोडाच्या खालच्या डोळ्यांतून लालसर फुटवा दिसायला लागेल, तो दिसला म्हणजे पांढरी मुळी परत चालू झाली. तोपर्यंत छाटणी करायची नाही, फक्त वाळकं आणि फुलून गेलेलं तेवढं काढा. कळ्या ठेवू का विचारलंत, तर त्या मलूल झाडाच्या सगळ्या कळ्या खुडा, बाकी तिघांच्या राहू द्या. फुटवा बोटभर झाला की थोडं शेणखताचं पाणी, आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर एक तृतीयांश छाटा. तिसऱ्या झाडाच्या मुळांचा फोटो मात्र काढाल तेव्हा मला दाखवा, त्यावरून त्याचं पुढचं सांगतो.